चार्ली पार्कर एका संचातून ऐकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पार्करच्या इतक्या सीड्या आणि प्लेलिस्ट आहेत. सुरुवात नेमकी कुठून करू?

सॅव्हॉय आणि डायल या दोन कंपन्यांसाठी त्याने १९४४ ते १९४८ या काळात जे वाजवलं, तिथून. 'द कम्प्लीट सॅव्हॉय अँड डायल स्टुडिओ रेकॉर्डिंग्ज' हा आठ सीडींचा संच २००० साली निघाला. त्यातूनच निवडून काढलेली एका सीडीची आवृत्तीही आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने ती एक सीडीच घ्यावी. आठ सीडींच्या संचात एकच रचना लागोपाठ तीनतीन, चारचार वेळा येते आणि नवा माणूस तिथेच कंटाळतो.

'सर्वोत्तम पार्कर' अशा नावाचे स्वस्त संग्रह ढिगाने मिळतात. त्यांतल्या पुष्कळांवर ना तारीख असते, ना साथीदारांची नावं. पार्करच्या बाबतीत ही माहिती फार महत्त्वाची आहे. १९४५ च्या नोव्हेंबरातला पार्कर आणि १९४६ च्या जुलैतला पार्कर यांच्यात आठ महिन्यांचं अंतर आहे, पण ऐकताना दोन वेगळी माणसं वाटतात. कोणता संग्रह घ्यायचा ते ठरत नसेल, तर मागच्या बाजूला ध्वनिमुद्रणाची तारीख आणि वादकांची नावं छापली आहेत का, तेवढं बघा.

हा पार्कर कोण?

अल्टो सॅक्सोफोन वाजवणारा. जन्म २९ ऑगस्ट १९२०, कॅन्सस राज्यातल्या कॅन्सस सिटीत. वाढला नदीपलीकडच्या, मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत. १९३६ साली, पंधरा-सोळा वर्षांचा असताना, तो एका बैठकीत वाजवायला चढला आणि मध्येच चुकला. ड्रमवर जो जोन्स होते. त्यांनी ड्रमची थाळी काढून त्याच्या पायाशी फेकली आणि सगळे हसले. मग तो ओझार्कच्या डोंगराळ भागात उन्हाळाभर एका बँडबरोबर गेला. जाताना काउंट बेसीच्या बँडमधल्या लेस्टर यंगच्या रेकॉर्ड्स बरोबर नेल्या आणि त्यांतले सोलो, म्हणजे एकट्याने वाजवलेले भाग, घोटून घोटून पाठ केले. परत आला तेव्हा लोकांना तो ओळखू येईना.

पुढे तो जे मॅकशॅन यांच्या बँडमध्ये होता. 'यार्डबर्ड' आणि त्याचं लहान रूप 'बर्ड' हे नाव त्याच दिवसांतलं. मॅकशॅन सांगायचे की प्रवासात गाडीखाली एक कोंबडी आली, तेव्हा पार्करने गाडी मागे घ्यायला लावून ती उचलून घेतली आणि मुक्कामी पोचल्यावर शिजवायला दिली. १२ मार्च १९५५ ला न्यूयॉर्कमध्ये तो गेला. वय ३४. तपासणाऱ्या डॉक्टरने ते पन्नासच्या पुढचं धरलं होतं.

बीबॉप आधीच्या जॅझपेक्षा वेगळं कसं?

बीबॉप म्हणजे पार्कर आणि त्याच्या सोबत्यांनी वाजवलेलं नवं जॅझ. आधीचं स्विंग हे नाचण्याचं संगीत होतं. पंधरा-सोळा वादकांचा बँड, लिहून दिलेल्या ओळी आणि मधूनमधून एखाद्याचा छोटा सोलो. बीबॉपमध्ये चार-पाच जणच असतात. सुरुवातीला सगळे मिळून रचना वाजवतात, शेवटी पुन्हा तीच वाजवतात आणि मधली सगळी जागा सोलोची. लय एक तर खूप चढी किंवा अगदी संथ, म्हणजे दोन्हीकडे नाचणारा अडतो. ड्रममध्येही मोठा बदल झाला. पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमवर चालणारा ठेका वर राइड सिंबलवर, म्हणजे धातूच्या थाळीवर, आला, त्यामुळे मोठा ड्रम मोकळा झाला आणि मध्येच दणका द्यायला उपयोगी पडू लागला. केनी क्लार्कने ही वाट दाखवली. या संचात बऱ्याच ठिकाणी मॅक्स रोच ती पुढे नेताना ऐकू येतो.

हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउस आणि मन्रोज या जागांवर रात्री उशिरापर्यंत हे घडत होतं. पण ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बंदी घातली होती आणि काही मोठ्या कंपन्यांशी तडजोड व्हायला १९४४ चा शेवट उजाडला. बीबॉप घडत असतानाचा मधला काळ त्यामुळे तबकड्यांवर फारसा नाही. १९४५ साली बीबॉप एकदम पुरं होऊनच लोकांच्या कानावर पडलं आणि लोक दचकले, ते यामुळेही.

मला तर सगळं घाईघाईत वाजवल्यासारखं वाटतं. कान कुठे ठेवू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि तो रास्त आहे. मलाही पहिले काही महिने असंच वाटत होतं.

'नाउज द टाइम' लावा. २६ नोव्हेंबर १९४५ चं ध्वनिमुद्रण. मध्यम लय, साधी ब्लूजची बांधणी. बारा खंड आणि प्रत्येकात चार मात्रा, म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तन. सॅक्सोफोनकडे लक्षच देऊ नका. बास ऐका. तो चालल्यासारखा प्रत्येक मात्रेवर एक स्वर ठेवतो. बोटांच्या पेरांवर त्रितालाच्या मात्रा मोजता तशा मोजत राहा. दर ४८ मात्रांनी आपण पुन्हा घरी येतो. मी स्वयंपाकघरात कणीक मळताना हे मोजायला शिकले. हात कामात असले की डोकं मध्ये येत नाही आणि मोजणी आपोआप बसते.

दोन-चार वेळा मोजून झालं की मग पार्करकडे या. मूळ ओळ एवढीशी आहे, एकच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. सोलो सुरू झाला की हाच बारा खंडांचा चौक तो किती तऱ्हांनी भरतो ते कळू लागतं. आवर्तन जिथे संपतं तिथे तो थांबेलच असं नाही. पुष्कळदा वाक्य सम ओलांडून पुढच्या आवर्तनात शिरतं आणि तिथे भलत्याच मात्रेवर श्वास घेतं. घाई वाटते ती या न थांबण्यामुळे. मोजणी पक्की झाली की त्याच जागा मौजेच्या होतात.

आणखी एक उपाय. हल्ली मोबाइलवर सूर न बदलता गती कमी करता येते. पाऊणपट गतीवर एकदा ऐका. यात कमीपणा काही नाही. पिढ्यान्पिढ्या वादकांनी तबकडी हळू फिरवूनच पार्करचे सोलो उतरवून घेतले आहेत.

रचनांची नावं ओळखीची नाहीत, पण मध्येच काहीतरी ऐकल्यासारखं वाटतं. असं का?

कारण सांगाडा जुन्या गाण्यांचा आहे. आपल्या संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदावर 'चाल: अमुक अमुक' असं छापलेलं असतं. चाल आधीचीच, शब्द नवे. बीबॉपवाल्यांनी याच्या उलट केलं. गाण्याची कॉर्ड्सची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळण्यांची) मांडणी ठेवली, चाल टाकून दिली आणि त्या मांडणीवर स्वतःची नवी चाल बसवली. संगीतकार गर्श्विनच्या १९३० सालच्या 'आय गॉट रिदम'ची मांडणी तर इतक्यांनी वापरली की वादक तिला नुसतं 'रिदम' म्हणतात. संचातलं 'मूस द मूच' त्यावरच उभं आहे. 'डॉना ली' हे 'इंडियाना' या जुन्या गाण्यावर आणि 'को-को' हे रे नोबलच्या 'चेरोकी'वर.

यात पैशाचंही कारण होतं. चालीवर हक्क असतो, कॉर्ड्सच्या मांडणीवर नसतो. नवी चाल केली की मूळ संगीतकाराचं मानधन द्यावं लागत नसे, आणि लहान कंपन्यांना ते हवंच होतं. पण नुसतं पैशासाठी हे झालं असं मला वाटत नाही. पार्करची चाल आणि त्याचा सोलो एकाच भाषेत बोलतात. 'इंडियाना'च्या गोड, गोलसर ओळीनंतर तो सोलो आला असता तर जोड दिसला असता. 'डॉना ली'नंतर येतो तेव्हा चाल कुठे संपली ते नवख्याला सांगताही येत नाही. ('डॉना ली'वर नाव पार्करचं आहे, पण ती आपली रचना असं त्याचा ट्रम्पेटवाला साथीदार माइल्स डेव्हिस सांगायचा आणि जाणकारही ते मानतात.)

'को-को'चं एवढं कौतुक का?

त्याच २६ नोव्हेंबर १९४५ च्या सत्रातलं हे. ठरलेला पियानोवादक आला नव्हता. डिझी गिलेस्पी ट्रम्पेटवाला, तोही पियानोवर बसला. पार्करच्या सॅक्सोफोनची रीड, म्हणजे फुंकताना थरथरणारी पट्टी, मध्येमध्ये किंचाळत होती. ट्रम्पेटवर एकोणीस वर्षांचा माइल्स होता, पण 'को-को'ची सुरुवात आपल्याला झेपणार नाही म्हणून तो बाजूला झाला आणि ती डिझीने वाजवली.

संचात या रचनेचा फसलेला पहिला प्रयत्नही आहे, तो आधी ऐका. सुरुवातीचा भाग होतो आणि दोघं चक्क 'चेरोकी'ची मूळ चाल वाजवायला लागतात. लगेच कोणीतरी थांबवतं. मूळ चाल वाजली असती तर मूळ संगीतकाराला पैसे द्यावे लागले असते. मग पुढचा प्रयत्न, तोच प्रसिद्ध झाला. चाल पूर्णपणे गाळलेली. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनची कोरडी, टोकदार सुरुवात, मागे ब्रशने वाजणारा ड्रम, आणि मग थेट सोलो. मिनिटाला तीनशेच्या आसपास मात्रा, ६४ खंडांची दोन आवर्तनं, नंतर मॅक्स रोचचा ड्रम, पुन्हा सुरुवातीचाच भाग आणि संपलं. सगळं मिळून तीन मिनिटांच्या आत.

वेगाने थक्क होऊन थांबू नका. दहाव्यांदा ऐकताना लक्षात येतं की त्या वेगातही एकेक वाक्य वेगळं काढून दाखवता येईल इतकं स्पष्ट आहे. काही स्वर जोरात, काही जेमतेम स्पर्श करून सोडलेले. सगळे स्वर एकाच वजनाने वाजवणारे पुष्कळ आहेत. पार्करचे उच्च-नीच आघात बोलणाऱ्या माणसासारखे आहेत. मला विचाराल तर त्याची ओळख तीच, वेग नाही.

एकच रचना तीन-चार वेळा का दिली आहे? पुढे ढकलली तर चालेल का?

पहिल्या वेळी खुशाल ढकला. दुसऱ्या वेळी मात्र नको, कारण हा संच घ्यायचं खरं कारण तेच आहे.

त्या काळी दहा इंची, ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावत. चूक झाली तर खोडून जोडायची सोय नव्हती, सगळं पहिल्यापासून. म्हणून एकेका रचनेचे अनेक प्रयत्न होत, एक निवडला जाई आणि बाकीचे कपाटात जात. पुष्कळदा कारण साथीदाराची चूक हे असे. पार्कर प्रत्येक वेळी वेगळं वाजवत असे आणि पुष्कळदा आधीचा प्रयत्नच अधिक ताजा असे. साथीदार रचना नीट बसेपर्यंत त्याचा उत्साह उतरलेला असे.

२८ मार्च १९४६ ला हॉलिवूडमध्ये डायलसाठी 'अ नाइट इन ट्युनिशिया' वाजवलं तेव्हाची गोष्ट बघा. रचनेत एक जागा अशी आहे की सगळी साथ थांबते आणि चार खंड सॅक्सोफोन एकटा. पहिल्या प्रयत्नात पार्करने ती जागा अशी भरली की साथीदारांना पुन्हा कुठे यायचं तेच कळेना. बाकीचा प्रयत्न जमला नाही. पुढच्या प्रयत्नांत तशी जागा पुन्हा आली नाही. डायलच्या रॉस रसेलने मग तो तुटका भागच 'फेमस अल्टो ब्रेक' या नावाने काढला. संचात तो आहे. साथ गेली तरी आतली लय इतकी घट्ट आहे की पायाने ठेका धरा, चार खंड संपतात तिथे तुमचा पाय आणि तो बरोबर भेटतात. मी हे पन्नासदा तरी करून पाहिलं असेल.

दुसरं उदाहरण संथ आहे. २८ ऑक्टोबर १९४७, 'एम्ब्रेसेबल यू'. दोन प्रयत्न दिलेत. ड्यूक जॉर्डनचा पियानो आधी थोडी जागा करून देतो. पहिल्या प्रयत्नात पार्कर सहा स्वरांचा एक साधा तुकडा घेतो, तोच पुन्हा घेतो, थोडा हलवतो, पुन्हा घेतो. गर्श्विनची मूळ चाल जवळपास येतच नाही. त्या सहा स्वरांतून तो आख्खा सोलो काढतो. एखादा गवई दोन स्वरांची संगत धरून बसतो आणि आपण म्हणतो 'सोडू नको', तसं. आता दुसरा प्रयत्न लावा. तीच लय, तोच वादक, तोच दिवस. पण तो तुकडा तिथे नाही. वेगळीच वाट. दोन्ही लागोपाठ ऐकले की पाठ करून वाजवणं आणि सुचत असताना वाजवणं यांतला फरक कानाला कळतो. तो मला कोणत्याही पुस्तकातून कळला नव्हता.

'लव्हर मॅन' ऐकावं का?

ऐकावं, पण नंतर. आणि काय ऐकतोय ते ठाऊक असताना.

२९ जुलै १९४६. पार्कर त्या दिवशी उभा राहण्याच्या अवस्थेत नव्हता. हेरॉइन मिळत नव्हतं, दारू भरपूर झाली होती. पियानोची सुरुवात होते, सॅक्सोफोन यायला हवा तिथे येत नाही. पियानोवादक जिमी बन सांभाळून घेतो. मग पार्कर येतो, उशिरा, अडखळत. ओळी अर्ध्यावर तुटतात. त्याच रात्री हॉटेलात त्याच्या अंथरुणाला आग लागली, त्याला अटक झाली आणि पुढचे सहा महिने तो कॅमरिलोच्या सरकारी मनोरुग्णालयात होता. रसेलने हे वादन प्रसिद्ध केलं याचा पार्करला शेवटपर्यंत राग होता.

काही जणांना यात वेदनेचं सौंदर्य सापडतं. मला ते ऐकताना दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरल्यासारखं होतं. वादकाला जे बाहेर यायला नको होतं, ते आपण ऐकतोय. त्यानंतर लगेच २६ फेब्रुवारी १९४७ चं 'रिलॅक्सिन ॲट कॅमरिलो' लावा. रुग्णालयातून सुटल्यावर महिनाभरातलं. बारा खंडांचा ब्लूजच, पण चाल अशी वळणावळणाची की साथीदारांना ती शिकताना घाम फुटला. तो बरा होऊन आलाय हे पहिल्या ओळीत कळतं.

नशेमुळेच तो असा वाजवत होता, असं म्हणतात.

ते खरं नाही. नशेत आपण जास्त चांगलं वाजवतो असं म्हणणारा वादक धादांत खोटं बोलतो, असं खुद्द पार्करने १९४९ साली मुलाखतीत सांगितलं होतं. त्याची नक्कल म्हणून कितीतरी तरुण वादक त्या वाटेला लागले आणि वाया गेले. 'मूस द मूच' हे नाव त्याला नशा पुरवणाऱ्या माणसाचं आहे आणि आपल्या मानधनातला अर्धा वाटा पार्करने त्याच माणसाला लिहून दिला होता. तेवढं पुरेसं आहे.

सोलो म्हणजे आपल्या तानाच, असं समजून ऐकलं तर?

आरंभाला हरकत नाही. आवर्तन, समेची ओढ आणि जागच्या जागी सुचणं हे आपल्याला परकं नाही. पण लवकरच अडचण येईल. रागात जमीन स्थिर असते, तानपुरा एकच सांगत राहतो. इथे जमीनच सरकते. दर दोन-चार मात्रांनी खालची कॉर्ड बदलते आणि आता शोभलेला स्वर पुढच्या क्षणी टोचतो. पार्कर त्या प्रत्येक कॉर्डचे दूरचे, वरचे स्वर धरतो, म्हणून आपल्या कानाला आधी ते 'बाहेरचे' वाटतात. पियानोच्या डाव्या हाताकडे कान ठेवून पंधरवडाभर ऐकलं की ते घरचे होतात.

मुंबईशी त्याचा काही संबंध?

पार्कर भारतात कधी आला नाही. मुंबईत जॅझ मात्र १९३० च्या दशकापासून होतं. ताजमध्ये लिऑन ॲबी आणि टेडी वेदरफर्ड या अमेरिकन कृष्णवर्णीयांचे बँड वाजत. गोव्याच्या वादकांनी ते उचललं आणि चिक चॉकलेटसारख्या ट्रम्पेटवाल्यांमार्फत ते सी. रामचंद्रांच्या गाण्यांत पोचलं. पार्करच्या जवळचा माणूस मुंबईत वाजवून गेला तो १९७८ च्या पहिल्या जॅझ यात्रा महोत्सवात: सॅक्सोफोनवाला सॉनी रॉलिन्स. १९५३ साली माइल्सच्या एका सत्रात तो आणि पार्कर दोघंही टेनर सॅक्सोफोन घेऊन शेजारी उभे होते.

या संचात काय नाही?

१९४९ पासूनचं व्हायोलिनांच्या ताफ्यासह केलेलं वादन, त्यातलं 'जस्ट फ्रेंड्स'. १५ मे १९५३ ची टोरंटोच्या मॅसी हॉलमधली मैफल, जिथे तो प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन घेऊन वाजला. क्लबांतली लांबलचक वादनं, ज्यांत तीन मिनिटांचं बंधन नव्हतं. ते सगळं नंतर.

एकच बाजू ऐकायला वेळ असेल तर?

'पार्कर्स मूड'. १८ सप्टेंबर १९४८, सॅव्हॉय. ट्रम्पेट नाही. जॉन लुइसचा पियानो, कर्ली रसेलचा बास, मॅक्स रोचचा ड्रम. पुन्हा बारा खंडांचा ब्लूज, पण अगदी संथ. आधी सॅक्सोफोनची एक छोटी हाक येते, जणू दारात उभं राहून कुणी नावाने बोलावतंय. मग तो बोलू लागतो. कॅन्सस सिटीत लहानपणापासून कानावर पडलेला ब्लूज आणि स्वतः घडवलेली भाषा, दोन्ही एकाच वाक्यात येतात. मधे लुइस मोजकेच स्वर वाजवतो. पार्कर परत येतो, आणि शेवटी तीच हाक. त्या सत्रातले आधीचे प्रयत्नही मोठ्या संचात आहेत. ते नंतर ऐका. शेवटचा, पूर्ण झालेला, तो आधी.